कपाटातला कुटीरोद्योग

पुण्याच्या बोहरी आळीतल्या दुकानात शिरलो की काउंटरवरचा माणूस ठरलेला प्रश्न विचारतो, “मॅडमनी काय सांगितलंय?” मॅडमनी ‘काहीही आणू नका’ एवढंच सांगितलेलं असतं. पन्नाशीतल्या पुरुषाला स्वतःसाठी क्रोशाची सुई लागते, हे रविवार पेठेला अजून पटलेलं नाही.

माझी पद्धत सोपी आहे. एका कलेत नापास झालो की तिथला माल पुढच्या कलेत खपवायचा. क्रोशाचा गोल रुमाल विणताना खांब, म्हणजे उभे टाके, वाढवायला विसरलो, कडा वर उचलल्या आणि रुमालाची टोपी झाली. ती आता लोणच्याच्या बरणीला बसते. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली. धावदोरा कडेकडेनं आत न्यायचा असतो. मी दोन कडा संपवल्या आणि पाठ धरली. वारलीत तर कमाल केली. पुठ्ठ्यावर गेरू, तांदळाचं पीठ कालवलेलं, मधोमध तारपा वाजवणारा, भोवती हातात हात घालून नाचणारे. हिशोब चुकला. पहिला आणि शेवटचा यांच्यात वीतभर अंतर राहिलं, म्हणून शेवटच्याला वीतभर हात काढून दिला. बायको म्हणाली, “हा लोकलमध्ये लटकणारा दिसतोय.”

एवढा अनुभव गाठीशी असताना भाचीच्या बाळाच्या बोरन्हाणाला हलव्याचे दागिने मी करणार, हे ओघानंच आलं. “दादा, विकत मिळतात रे,” बहीण काकुळतीनं म्हणाली. मी तर हलवासुद्धा घरी करायचं ठरवलं.

मंद आचेवर परात. तिच्यात तीळ. वरून चमचाभर पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असं तासन् तास, दिवसचे दिवस, तेव्हा कुठे काटा फुटतो. परात धरायला गोधडीचा शिवलेला कोपरा होताच. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. हलव्याला कोरडी थंडी लागते, हे हवेला कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी धीर सुटला आणि मी पाक वाटीनं ओतला. परातीत चिक्की झाली. चांगली झाली होती, पण चिक्कीचा बाजूबंद वाकत नाही.

चौथ्या दिवशी बोहरी आळी. “मॅडमनी काय सांगितलंय?” “अर्धा किलो हलवा, काटेरी,” मी खालमानेनं म्हणालो.

रात्रभर ओवून हार, बाजूबंद, बासरी झाली. मुकुटाला पुठ्ठा कमी पडला, तेव्हा वारलीवर कात्री चालवली. मुंग्यांना वास लागला म्हणून सगळं पाण्याच्या परातीत डबा ठेवून जपलं.

बाळानं बासरी ओठांना लावली, ती चघळूनच परत दिली. मुकुट उलटा झाला तेव्हा आतून तो लांब हात बाहेर आला आणि सगळ्यांच्या फोटोत आला.

आता मुंजीच्या रुखवताचं मनावर घेतलंय. बाळ एक वर्षाचं आहे, सात वर्षं हातात आहेत. बायको म्हणते, कमी पडतील.