अभिनंदन नको, भाऊ

दुपारपासून व्हॉट्सॲपवर गुलाबाची फुलं अन् ट्रॉफ्या येऊन राहिल्या. "आपल्या पोरी तालुक्यातून पहिल्या, अभिनंदन भाऊ!" पुतणी गोलकीपर आहे अन् पोरींना घेऊन गेलेली काळीपिवळी माझी, म्हणून सगळ्यांनी मलाच टॅग केलं. कृपा करून बंद करा. आमच्या पोरी जिंकल्या नाहीत. त्यांचा फक्त छापा पडला.

झालं असं की १७ वर्षांखालील मुलींची शालेय फुटबॉल फायनल होती. रात्रभर पाऊस झालेला, काळी माती, बूट उचलला की शेरभर चिखल सोबत यायचा. सामना शून्य-शून्य. पाच-पाच पेनल्टी झाल्या, तीन-तीन. मग एकेक सुरू झाली, तीही बरोबरीत. पोरी पुढच्या पेनल्टीसाठी रांगेत उभ्या, अन् तेवढ्यात टेबलावरचे एक साहेब उठले. "मुलांचा सामना बाकी आहे, आभाळ भरून आलं, टॉस करून टाका." कोणाला विचारलं नाही, पुसलं नाही. खिशातून नाणं काढलं अन् उडवलं. ते चिखलात उभंच रुतलं! लोक हसले. मग रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर पुन्हा उडवलं. आमच्या पोरी नाचल्या. लेकरंच ती, नाचणारच.

मला तिथेच ढाका आठवलं. ८ फेब्रुवारी २०२४, १९ वर्षांखालील मुलींच्या सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल, भारत विरुद्ध बांगलादेश. मी मोबाईलवर पाहत होतो. आपल्या शिबानी देवीने सुरुवातीलाच गोल केला, बांगलादेशच्या सागरिकाने भरपाई वेळेत फेडला. मग पेनल्टी. दोन्हीकडच्या अकराच्या अकरा जणींनी गोल मारला, गोलकीपरसकट. ११-११! असं तुम्ही आयुष्यात कितीदा पाहणार? अन् त्यावर मॅच कमिशनरने, म्हणजे सामन्यावर देखरेख करणाऱ्या साहेबाने काय केलं, तर टॉस. भारत जिंकला, पोरी जल्लोष करू लागल्या, बांगलादेशने आक्षेप घेतला, मग कमिशनरने निर्णय फिरवला. आपल्या पोरी पुन्हा मैदानात यायला तयार नाहीत, प्रेक्षकांतून बाटल्या पडू लागल्या. शेवटी दोघांना संयुक्त विजेते करून मोकळे झाले.

नियम साधा आहे हो. सगळ्यांची एकेक पेनल्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू, एकीने मारली अन् दुसरी चुकली असं होईपर्यंत. नाण्याची पद्धत पूर्वी होती, कबूल. १९६८ च्या युरो कपात इटली अन् सोव्हिएत संघाची सेमीफायनल नेपल्समध्ये नाण्यावरच सुटली होती. पण १९७० मध्ये पेनल्टीचा नियम आला तो याच्याचसाठी ना? पन्नास वर्षं होऊन गेली. ढाक्यातल्या साहेबाला माहीत नाही अन् आमच्या तालुक्यातल्याही नाही.

ढाक्याच्या वेळी तुमच्यापैकी अर्ध्यांनी बांगलादेशला शिव्या घातल्या होत्या. बाटल्या फेकणं वाईटच, त्यावर वाद नाही. पण बांगलादेशच्या मैदानातल्या पोरींनी कुठे फेकल्या? त्या तर खेळायलाच उभ्या होत्या.

आज समोरच्या शाळेची गोलकीपरही तशीच उभी होती. हातात ग्लोव्हज नाहीत, बापाचे विणलेले हातमोजे घातलेले, पाण्याने लोंबून राहिलेले. आमची पुतणी अन् ती, दोघींनी एकाहून एक पेनल्टी अडवल्या होत्या. टॉस झाला तरी ती गोलमधून हलेना. तिला वाटलं अजून बाकी आहे. त्यांच्या मॅडमनी जाऊन खांद्याला धरून आणलं. अन् इकडे एकजण मला म्हणतो, "काहून मनाला लावून घेता भाऊ, आपल्याच पोट्ट्या जिंकल्या ना!" अरे, उद्या नाणं उलटं पडलं असतं तर हाच माणूस पंचायत समितीवर मोर्चा नेता.

बरं, साहेबांचीही अडचण असेल. एकच मैदान, शिट्टी मारायला शाळेचेच मास्तर, अन् पाऊस खराच आला अर्ध्या तासाने. पण अर्ध्या तासात किती पेनल्टी झाल्या असत्या?

आपल्याकडे लोकांना वाटते की हे सॅफ-बिफ म्हणजे छोट्या देशांचा खेळ. सात देश आहेत त्यात, भूतान, मालदीवपासून आपल्यापर्यंत. पण बांगलादेशच्या राष्ट्रीय महिला संघात मैमनसिंग जिल्ह्यातल्या कलसिंदूर नावाच्या एका गावातून कितीतरी पोरी आल्या. गावच्या प्राथमिक शाळेतून! तो संघ २०२२ मध्ये काठमांडूत नेपाळला हरवून सॅफ चॅम्पियन झाला, २०२४ मध्ये पुन्हा झाला. कलसिंदूरात काही सोन्याची माती नाही. तिथे पोरींना खेळू दिलं, एवढंच. आपल्याकडे दहावीला गेली की "आता पुरे".

अन् मे २०२५ मध्ये अरुणाचलात युपियाला मुलांची १९ वर्षांखालील फायनल झाली, पुन्हा भारत-बांगलादेश, पुन्हा १-१. पेनल्टीवर ४-३ ने आपण जिंकलो. त्या विजयावर कोणी बोट ठेवलं का? नाही, कारण तो पायाने मिळवलेला होता.

एवढं लिहिता लिहिता राग थोडा उतरला. पुतणी आत्ता भाकरी खाताना म्हणाली, "काका, त्यांना आपल्या गावी बोलवा ना. राहिलेल्या पेनल्टी मारून घेऊ." मी म्हटलं, हरलीस तर? म्हणे, "हरलो तर हरलो. जिल्ह्यावर तर आम्हीच जाणार ना कागदावर!" बेरकी आहे पोट्टी.

त्यांच्या मॅडमना फोन झाला, त्या तयार आहेत. रविवारी सकाळी माझी गाडी त्यांच्या गावाला जाईल, डिझेल माझं. चहा-पोह्यांचं कोण बघतं ते कमेंटमध्ये सांगा. अन् सरपंच साहेब, तुम्ही पोस्ट वाचता हे मला माहीत आहे. शाळेच्या मैदानावर गोलपोस्टसमोर घरकुलाची जी रेती पडून आहे, ती शनिवारपर्यंत उचला. पावती कोणाच्या नावाची आहे ते मी इथे लिहीत नाही.