सायकलवाल्याने जपान बुडवला?

‘सायकल चालवणारा माणूस देशाला परवडत नाही. गाडी घेत नाही, कर्ज काढत नाही, पेट्रोल भरत नाही, वर आजारीही पडत नाही.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्याला एक शेपूटही आहे: जपानी बचत करतात म्हणून जपान खंगला, अमेरिकन उधळतात म्हणून अमेरिका जोरात. लिहिणाऱ्याने बहुधा गंमत केली असावी, पण आमचे काका तो अर्थशास्त्र म्हणून पाठवतात.

आधी बचत. जपानी कुटुंबं भरपूर बचत करत, हे खरं, पण जुनं. 2010 नंतरच्या दशकात त्यांचा बचतीचा दर बहुतेक काळ अमेरिकनांपेक्षा कमी होता.

सायकलवाल्याचं म्हणाल, तर वाचलेले पैसे तो काही जाळत नाही. मुलीच्या क्लासला भरतो, नाहीतर बँकेत ठेवतो आणि बँक ते दुसऱ्याला देते. उलट आपण 85 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करतो. पेट्रोलचा बराचसा पैसा देशाबाहेरच जातो. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, आणि दरडोई उत्पन्न जर्मनीहून वरचढ.

‘मागणी थांबली की वाढ संपली’ हा त्या मेसेजमागचा खरा दावा. 1990 मध्ये जपानात सुमारे 78 लाख नव्या गाड्या खपल्या, 2024 मध्ये जेमतेम 44 लाख. तरी बेरोजगारी अडीच टक्क्यांच्या आसपास. कमावत्या वयाची माणसं 1995 मध्ये 8.7 कोटी होती, आता साडेसात कोटीही नाहीत. देशाच्या एकूण उत्पादनाचा आकडा फुगणार कुठून? कमावत्या वयाच्या दर माणशी उत्पादन मोजलं, तर 1998 ते 2019 या काळात जपान अमेरिकेच्या बरोबरीने वाढला. सुझुकी आज जपानपेक्षा भारतात कितीतरी जास्त गाड्या विकते, ते वेगळंच.

मेसेजात खऱ्याचा एक कण आहे, तो नाकारत नाही. 1990 नंतर शेअर आणि जमिनींचे भाव कोसळले, तेव्हा जपानी कंपन्या नवी गुंतवणूक सोडून जुनी कर्जं फेडत बसल्या. घरांतली बचत उचलायला कोणी नाही, म्हणून सरकारनेच कर्ज काढलं. ते आज जीडीपीच्या दुपटीहून जास्त आहे आणि व्याजदर वाढू लागल्यापासून जड जातंय. पण तिथे बचत करणारे कमी नव्हते, कर्ज घेणारे कमी होते, म्हणून पैसा स्वस्त होता. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मूळ अंदाजित खर्चापैकी सुमारे 81 टक्के रकमेचं कर्ज जपानने 50 वर्षांसाठी 0.1 टक्का व्याजाने देऊ केलं, ते अशाच स्वस्त पैशाच्या काळात.