उमेदवार पळतो की उभा राहतो?

इंग्रजी बातमीतल्या 'रन फॉर प्रेसिडेंट'चं 'अध्यक्षपदासाठी धावणार' हे भाषांतर सगळ्यांच्या मोबाइलवर आलेलं होतंच.

"भाषांतर करणाऱ्याला कशाला हसता?" दिन्या गरजला. "खोट इंग्रजीतच आहे. नळ 'रन', नाक 'रन', कंपनी 'रन', उमेदवारही 'रन'! एका शब्दाला एकच अर्थ, असा कायदाच पाहिजे." दिन्याला ऊठसूट कायदा लागतो.

शिऱ्यानं माहिती पुरवली. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 1989च्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद 'सेट'ची होती. आता 'रन' पुढे गेलाय, नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ. संपादक पीटर गिलिव्हर त्या एका शब्दावर नऊ महिने बसले होते.

"नऊ महिने? मग बाळंतपणच की!" मंद्या म्हणाला.

"पण इतके अर्थ आले कुठून?"

"यंत्रं आली ना," सुधा म्हणाली. "घड्याळ, इंजिन, कारखाना, पुढे प्रोग्रॅम. जे सुरू झालं की चालूच राहतं, ते 'रन'. पाय गेले, चालू राहणं उरलं. उमेदवाराचं म्हणशील तर तो पळतो अमेरिकेत. ब्रिटनमध्ये तो 'स्टँड' करतो, आपल्यासारखाच उभा राहतो."

"मराठीत नाही बाबा असला गोंधळ!" दिन्या म्हणाला.

"नाही? तुला भूक लागते, ठेच लागते, झोप लागते. दिवा लागतो, आग लागते. तुझं लग्न लागायला किती वेळ लागला! आणि हा शिऱ्या तुझा कोण लागतो? मावसभाऊ. सांग आता 'लागणे'चा एकच अर्थ."

"ते संदर्भानं कळतं!"

"मग त्यांनाही संदर्भानंच कळतं."

मी पूर्णपणे सुधाच्या बाजूनं. शाळेत 'रन म्हणजे पळणे' एवढंच घोकून घेतलं आमच्याकडून. फलंदाज 'रन आऊट' होतो आणि घरातलं दूधही 'रन आऊट' होतं, म्हणजे संपतं, हे त्या घोकंपट्टीतून कुणाला उमगणार? शब्द त्याच्या सोबत्यांसकट शिकवायला हवा, आणि तो तसा शिकवला जात नाही याचा मला खरंच राग येतो.

दिन्या जरा नरमला. "तरी शेवटी कोश बघावाच लागतो."

"'बघावा लागतो'! घ्या, आणखी एक," सुधा म्हणाली. "आणि कोश तुझ्याकडेच आहे. माझा. कॉलेजात नेलास तो."

"हा 646वा अर्थ," मंद्या म्हणाला, "दुसऱ्याचा कोश घेऊन पळणे."

शिऱ्याला हसता हसता ठसका लागला. त्यावर "लागला, लागला!" असा जो गिल्ला झाला, त्यात दिन्या काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही.