वाट कशी लावावी

फिरत्या गुराख्यांत आणि शेतकऱ्यांत कायमचं वैर हवंय? घाई नको. सुरुवात गुरांच्या वाटेपासून करा.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, आफ्रिकेतल्या साहेलच्या पट्ट्यात सुगी संपली की गुरं वावरात बसायची. धसकटं त्यांच्या पोटात, शेण शेतात, आणि गुराख्याला वर चार पायल्या बाजरी. असा फुकटचा सलोखा कुठल्या कारभाऱ्याला परवडतो? तेव्हा वाट नांगरा. बरेच महिने ती रिकामीच दिसते, म्हणजे पडीकच की! नायजेरियाच्या उत्तर भागात १९६५ साली कायद्याने राखीव कुरणं आखली. पुढे त्यांतल्या कितीतरी कुरणांवर नांगर फिरला. कागद मात्र जपून ठेवा, गुराख्याला दाखवायला लागतो. (स्पेनच्या नादी लागू नका. त्यांनी १९९५ साली कायदा करून जुन्या मेंढवाटा राखल्या. वर्षातून एकदा माद्रिदच्या भर रस्त्यातून मेंढरं जातात आणि मोटारी थांबतात. अशानं कसलं वैर होणार?)

आता पहाटे वावरात चक्कर मारा. छातीभर बाजरीत बैलगाडी जाईल एवढा पट्टा आडवा झालेला, ओल्या मातीत खुरं उमटलेली, कणसं शेंड्याला खुडलेली, शेण अजून कोमट. दोन दिवसांनी ओढ्याकाठी एक गाय सापडेल, मागच्या पायाची शीर कोयत्याने तोडलेली. इथे एक धोका असतो. दोन्हीकडचे म्हातारे झाडाखाली बसून नुकसान मोजतात नि तंटा मिटवून टाकतात. म्हणून ती माणसं आधीच घालवावीत. सुदानमध्ये निमेरींच्या सरकारने १९७१ साली जुना स्थानिक कारभार मोडीत काढला. मग १९८४ च्या सुमाराचा दुष्काळ आला, बंदुका आल्या, आणि २००३ मध्ये देशाच्या पश्चिमेचं दारफूर पेटलं. त्यात सरकारनेच एका बाजूला हत्यारं पुरवली. एवढा हातभार हवाच, नुसत्या दुष्काळावर विसंबून चालत नाही.

तरीही कुणी गुरं घेऊन हिंडलाच, तर हिंडण्यावरच बंदी घाला. नायजेरियाच्या बेन्यू राज्याने २०१७ मध्ये उघड्यावरची चराई बंद केली : गुरं बंदिस्त जागेत पाळा. जागा कुठून आणायची, ते ज्याचं त्याने बघावं.

कुणी कारण विचारलंच तर ‘पूर्वापार वैर’ म्हणा. धर्म वेगळे असतील तर तेही सांगा, म्हणजे वाटेचं कुणी विचारत नाही.

आणि हो, संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय. परिसंवाद भरवाच. तारीख मात्र अशी धरा की शेतकरी पेरणीत असेल आणि गुराखी दोनशे मैलांवर पाणी शोधत.