दोन सोळा म्हणजे बत्तीस

गेल्या मंगळवारी दुपारी नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाजवळच्या एका घड्याळाच्या दुकानात, मला साधी बेरीज येत नाही असे चार माणसांच्या साक्षीने ठरले. मी एकतीस वर्षे बँकेत नोकरी केली असून त्यातली बरीचशी रोखपालाच्या खिडकीमागे गेली आहेत, हे मी तिथे सांगितले नाही. सांगितले असते तर लोकांचे बँकेविषयीचे मत विनाकारण बिघडले असते.

प्रकरण घरच्या संगणकापासून सुरू झाले. हा संगणक आम्ही २०११ साली घेतला, आणि गेल्या महिनाभरापासून तो रोज सकाळी १ जानेवारी २००९ या तारखेला जागा होत होता, म्हणजे स्वतः घरात येण्याच्याही दोन वर्षे आधी. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तारीख आणि वेळ हरवल्याची कबुली येई आणि पुढे जायचे असल्यास एफ-वन दाबावे, अशी सूचना येई. सुरुवातीला मला त्यात थोडी गंमतही वाटली. १ जानेवारी २००९ हा दिवस काही वाईट नव्हता. सौरव गांगुली जामठ्याच्या मैदानावर आपली शेवटची कसोटी खेळून जेमतेम दोन महिने झाले होते, वर्धा रोडवर मान वर करून पाहिले तर मेट्रो नव्हे, आकाश दिसत होते, आणि माझे गुडघे दुखत नव्हते. परंतु २००९ सालात बसून आजचे विजेचे बिल भरता येत नाही. प्रत्येक संकेतस्थळाजवळ स्वतःच्या ओळखीचे एक प्रमाणपत्र असते, ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे हे त्यावर नोंदलेले असते, आणि जे प्रमाणपत्र आपल्या हिशोबाने अजून कितीतरी वर्षांनी जन्माला यायचे आहे त्यावर विश्वास ठेवायला संगणक तयार नसतो. "तुमचे घड्याळ मागे आहे," असे तो मला रोज ऐकवी. हेच वाक्य घरातल्या इतरांनीही मला अधूनमधून ऐकवलेले असल्यामुळे ते जरा जास्तच लागे.

रोग मला ठाऊक होता. संगणकाच्या मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल बसवलेला असतो, आणि वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम असते. भिंतीवरचे बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही त्या घड्याळाला विजेचा घोट मिळत राहतो आणि सेलवर भार पडत नाही. आमच्या घरी मात्र रात्री साडेनऊला सगळी बटणे बंद होतात. मे महिन्यातल्या एका वादळात शेजाऱ्यांचा टीव्ही जळाला होता, तेव्हापासून सौभाग्यवतींनी हा नियम घातला असून त्यात अपील नाही. त्यामुळे बिचारा सेल वर्षानुवर्षे रात्रपाळी करत होता आणि अखेर थकला. या सगळ्याचा उलगडा मी घरात सविस्तर केला. "मग टीव्ही जळला असता तर?" एवढाच प्रश्न त्यावर आला.

डब्याचे एका बाजूचे झाकण काढले तेव्हा आत जे दिसले त्याचे वर्णन टाळावे हे बरे; परंतु एक गोष्ट सांगतो. खोलीतला कूलर गेली बारा उन्हाळे संगणकाच्या दिशेनेच वारा फेकत आला आहे, आणि त्या ओलसर वाऱ्याने धुळीला असा काही घट्टपणा आणला होता की पंख्याच्या पात्यांवरून ती सालीसारखी सोलून निघत होती. तिला खसाचा वास होता. सेल नखाने कडी मागे सारताच टुणकन उडाला. शेजारच्या इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाने आपला व्होल्टमीटर लावून पाहिला आणि "दोन पॉइंट एक, काका, तीन पाहिजे," असे सांगितले. हा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो, सीताबर्डीला जायची गरज नाही, हेही त्यानेच सांगितले. माझा त्याच्यावर राग नाही. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान होते आणि बडकस चौक घरापासून सात मिनिटांवर आहे.

दुकान म्हणजे एक पायरी, एक काउंटर आणि काउंटरमागे एका डोळ्याला भिंग लावलेला घड्याळजी. माझ्याआधी तिघे उभे होते. एक कॉलेजचा मुलगा होता, गजराचे घड्याळ पदराखाली धरलेल्या एक बाई होत्या, आणि तिसरे ते गृहस्थ. त्यांच्या अंगात फिकट सफारी होती, खिशाला दोन पेने होती, आणि त्यांना आपल्या घड्याळाच्या पट्ट्याला एक जादा भोक पाडून हवे होते. भोक पाडायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्या कामासाठी ते दुकानात किती वेळ उभे होते हे मला माहीत नाही, परंतु मनगट बारीक का झाले याचा इतिहास मी पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी तर्री बंद केल्याच्या टप्प्यावर आला होता. सकाळचे पोहे तर्रीशिवाय खायचे म्हणजे काय खायचे, असे ते त्या बाईंना विचारत होते, आणि बाई "हो ना जी" म्हणत होत्या.

मी "सीआर वीस बत्तीस" मागितला. घड्याळजीने खण उघडून दोन पट्ट्या काउंटरवर टाकल्या. "हे सोळा आहे, हे पंचवीस आहे. बत्तीस पाहावं लागते," असे म्हणून तो खालच्या खणात वाकला.

"याच्यात फरक काय असते?" गृहस्थांनी मला विचारले.

इथे माझी चूक झाली. निवृत्त माणसाला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे कोणी विचारले की तो सांगतो. मी सांगितले की सी म्हणजे लिथियमचा एक प्रकार, आर म्हणजे गोल, पहिले दोन आकडे म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास आणि पुढचे दोन म्हणजे जाडी, तीही मिलिमीटरच्या दहाव्या भागात. म्हणून वीस सोळा हा एक पूर्णांक सहा मिलिमीटर जाड आणि वीस बत्तीस तीन पूर्णांक दोन. तिन्ही सेल मी हातात धरल्यासारखे बोटांनी दाखवलेसुद्धा. मुलाने मोबाइलवरून मान वर केली. मला बरे वाटले.

गृहस्थांनी काउंटरवरच्या पट्टीकडे पाहिले, मग छताकडे पाहिले, आणि म्हणाले, "मग दोन सोळा लावा ना."

"तसे चालत नाही."

"काहून? सोळा दुणे बत्तीस. जाडी तर जुळून राहिली."

मी म्हणालो की जाडी जुळते, पण प्रत्येक सेल तीन व्होल्टचा आहे, आणि एकावर एक ठेवले की व्होल्टही जुळतात, म्हणजे बेरीज होते, म्हणजे सहा होतात. बोर्डाला तीनच हवेत. सहा दिले तर आतले काहीतरी जळू शकेल.

"टॉर्चमध्ये आपण दोन सेल टाकतो की नाही?"

"टाकतो. कारण तो टॉर्च दोन सेलचाच बनवलेला असतो."

"मग काय टॉर्च जळते?" त्यांनी हे मला न विचारता बाईंना विचारले. बाईंनी मान हलवली. "उजेड जास्त पडते," गृहस्थांनी निकाल दिला, "तसा तुमचा कम्प्युटर जोरात चालेल."

"चालू द्या ना जी जोरात," बाई मला म्हणाल्या, "जुना आहे म्हणता ना?"

एव्हाना घड्याळजीही खणातून वर आला होता. भिंग त्याने काढले नव्हते, त्यामुळे त्याचा एक डोळा माझ्याकडे दुसऱ्यापेक्षा दुप्पट आकाराने पाहत होता. मी त्याला तज्ज्ञ म्हणून मध्यस्थी करण्याची विनंती केली. त्याने थोडा विचार करून सांगितले की घड्याळात असे कोणी करत नाही, पण कम्प्युटरचे काही सांगता येत नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली; व्यास, जाडी, व्होल्ट, मालिकेतली जोडणी. माझा आवाज चढला होता हे मला नंतर जाणवले. "चिडू नका," गृहस्थ अत्यंत समजुतीने म्हणाले, "हिशोबात होते कधी कधी असं." आणि पट्ट्याचे भोक पाडून घेण्यासाठी त्यांनी मनगट पुढे केले.

मला राग त्यांच्या अज्ञानाचा आला नाही. त्यांना जाडीची बेरीज मान्य होती आणि व्होल्टची बेरीज अमान्य होती, याचा आला. आयुष्यभर माझी गाठ अशाच माणसांशी पडली आहे. ठेवीवरचे व्याज त्यांना चक्रवाढ हवे असे आणि कर्जावरचे सरळ.

तेवढ्यात घड्याळजीला बत्तीस सापडला. एकच होता. चांदीसारखा चमकत तो काउंटरवर पडला आणि मी खिशात हात घातला. गृहस्थांनीही घातला. त्यांनी बाहेर काढली ती गाडीची चावी.

"पंधरा दिवसांपासून दाबतो तर गाडी उघडतच नाही," ते म्हणाले, "अगदी जवळ जाऊन दाबावं लागते. याच्यात कोणता लागतो पाहा बरं."

घड्याळजीने पातळ पेचकस चावीच्या फटीत घालून ती उघडली आणि आतला सेल पालथा केला. त्यावर कोणता आकडा कोरलेला होता हे वाचकांनी ओळखलेच असेल. मी तरीही बोट ठेवून तो वाचून पाहिला.

"मी आधी आलो आहे," गृहस्थ म्हणाले.

"साहेब आधीपासून उभे आहेत जी," घड्याळजी मला म्हणाला.

यावर काय बोलायचे? पट्ट्याच्या भोकासाठी उभा असलेला माणूस सेलच्या रांगेतही आपोआप पहिला होतो काय, हा प्रश्न मला सीताबर्डीला जाताना सुचला, तेव्हा तो ऐकायला फक्त रिक्षावाला होता. शिवाय आपल्या चावीत सेल असतो, त्याला नंबर असतो आणि तो नंबर वाचायचा असतो, हे त्या गृहस्थांना दहा मिनिटांपूर्वी माहीत नव्हते. ते मीच शिकवले. घड्याळजीने मला पंचवीस देऊ केला, खाली चांदीच्या कागदाची एक घडी ठेवा म्हणाला. खरे सांगायचे तर विजेच्या दृष्टीने ती सूचना गैर नव्हती, कारण पंचवीसही तीन व्होल्टचाच असतो. परंतु त्या क्षणी मी कोणाचेही काहीही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

सीताबर्डीला 'मोदी नंबर' म्हणतात त्या गल्ल्यांमध्ये सेल मिळाला, पण पाचची पट्टी घ्यावी लागली. दुकानातल्या तरुणाने कोणत्या मशीनला हवा ते विचारले, साल ऐकले आणि शेजारच्याला ऐकवले. मग तो मला म्हणाला, "काका, कायले खर्च करता? याला आता कोणी हात लावत नाही." माझा खर्च पट्टीसकट दीडशे रुपयांच्या आत होता आणि तो ज्या नव्या लॅपटॉपकडे हात दाखवत होता त्याची किंमत पन्नास हजारांवर होती. पुण्याहून मुलगाही हेच सांगत असतो. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि ती आमच्या यंत्रात नाही, हे सगळे मला मान्य आहे. मीही आता त्यावर विंडोजऐवजी लिनक्स बसवण्याच्या विचारात आहे. परंतु हा संगणक बिल भरतो, पत्र छापतो, नातवाचे फोटो दाखवतो. त्याची तक्रार तीन व्होल्टची होती. तीन व्होल्टच्या तक्रारीवर पन्नास हजारांचा उपाय सांगणाऱ्याला शहाणा म्हणतात आणि सहा व्होल्टचा उपाय सांगणाऱ्याला रांगेत पहिला नंबर देतात, आणि या दोघांच्या मधे उभा राहून नेमके तीन मागणारा माणूसच तेवढा हट्टी ठरतो.

घरी येऊन कोरलेली बाजू वर ठेवून सेल बसवला, कडी वाजली, तारीख घातली. रात्री साडेनऊला बटण बंद झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र त्याच दिवशी जागे झाले ज्या दिवशी मी जागा झालो होतो. मी हाक मारून ते घरात दाखवले. "मग काल असं काय नवीन होतं?" असे उत्तर आले, आणि उरलेले चार सेल कोठे ठेवायचे याची चौकशी झाली.

शनिवारी भाजी घेऊन बडकस चौकातून येत होतो, तर दुकानातून आवाज आला, "ओ कम्प्युटरवाले काका!" हे माझे आता नाव झाले आहे. घड्याळजीने डोळ्याचे भिंग कपाळावर सरकवले होते आणि चेहऱ्यावर खरोखरच दिलगिरी होती.

"बत्तीस दोन आले होते जी काल," तो म्हणाला, "एक तुमच्यासाठी ठेवत होतो. पण ते साहेब दुसऱ्या चावीसाठी आले आणि दोन्ही घेऊन गेले. मी म्हटलं, एक राहू द्या, त्या काकांना लागते. तर ते म्हणाले, त्यांचं काम तर दोन सोळात होऊन जाते."