वाडग्याला सनमायका

चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, शेवटचा हात मारून वाडगा खिडकीत ठेवला आणि वरच्या मजल्यावरचे काका आले ते थेट अंगठाच दाबला. "ओलंय रे अजून." अहो ओलंच आहे, म्हणून तर खिडकीत ठेवलंय ना!

मग काकांनी वाडगा उलटासुलटा केला. "हे लाकूड रोगट आहे का?" सांगितलं, रस्ता रुंदीकरणात पडलेल्या कडुनिंबाची गाठ आहे, झाडाला जखम किंवा रोग झाला की काही वेळा तिथे अशी गाठ धरते, रेषा भोवऱ्यासारख्या फिरतात, त्यातच मजा आहे. "म्हणजे ट्यूमर! आमच्या साडूंच्या पाठीवर होता, डॉक्टरांनी काढून फेकला. तू पॉलिश करत बसलायस." बरं. "आणि रंग असा का? सागवानी मार." काका, कडुनिंब आहे. "मग तर मारच, कळणार कोणाला? नाहीतर सरळ सनमायका लाव, पुसायला सोपं." गोल वाडग्याला?? "आमचा कारपेंटर लावतो, नंबर देऊ?"

आता यांना काय सांगू, गाठीत रेषा दाही दिशांना जातात म्हणून एके ठिकाणी रंग भसाभस पिते आणि बोटभर पलीकडे थेंबही घेत नाही. आधी पाणी फिरवून तंतू उभे करायचे, वाळले की घासायचे, मग काळा डाय, तोही घासून काढायचा म्हणजे भोवऱ्यांत तेवढा उरतो, आणि त्यावर मधाळ पिवळा. एवढं झालं की चपडा, तो स्पिरिटमध्ये विरघळवायचा, आणि स्पिरिट मागितलं की दुकानदार आपण प्यायला नेतोय असं बघतो. त्यात हवा दमट असली की वर पांढुरकी साय धरते ते वेगळंच.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे लाकडी खेळणीवाले सुखी. लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाने वितळून चढते, वर केवड्याचं पान दाबलं की चकाकी. फिरत्या लेथवर अंगठा लावायची काकांची हिंमत झाली नसती.

खरं सांगू, आपल्याकडे लाकूड लाकडासारखं कुणाला नकोच असतं. खऱ्या लाकडाला सागवानी रंग, प्लायला लाकडाचं चित्र छापलेला सनमायका, आता तर फरशीवरही लाकूड छापून येतं, आणि अस्सल गाठ समोर आली की म्हणे ट्यूमर.

अंगठ्याचा ठसा निघेल, चपडा स्पिरिटने परत विरघळतो. पण काकांनी जाताना ऑर्डरही दिली, किल्ल्या टाकायला असाच एक वाडगा, "फक्त जरा सरळ रेषांचा बघ, आणि घरातलंच काम आहे, पैशाचं काढू नकोस."