सुकतीच्या वेळी, लाव्ह्यावरून

पौष वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दीडच्या सुमारास भरती पुरी, आणि सकाळी पावणेआठला सुकती, म्हणजे ओहोटी पुरी, पाणी पार खाली गेलेलं.

हा हिशोब दिवेआगरला आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकांनी पोहे वाढता वाढता करून दाखवला. "तिथीची पाऊणपट करा बाई, मोबाइल कशाला बघताय?" मी सत्तावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, हे फळ्यावर शंभरदा लिहिलं असेल. पण रोजची पन्नास मिनिटं म्हणजे ढोबळमानाने पाऊण तास, आणि पाऊण तास म्हणजेच ही तिथीची पाऊणपट, हे मला साठीच्या उंबरठ्यावर एका नारळ-सुपारीच्या वाडीत कळलं. काकांनी वर पुरवणीही जोडली: पुनव-अवसेनंतर दोन-तीन दिवस उधाण, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी, तेव्हा खडक नीट उघडे पडत नाहीत. "खडकावरनं जायचंय ना? मग बरोबर दिवशी आलात."

आम्ही चौघी. तीन दिवस. दिवेआगर ते श्रीवर्धन, श्रीवर्धन ते हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेळासपर्यंत. शक्य तिथे खडकावरून, नाही तिथे वरच्या पायवाटेने, आणि काहीच नसेल तर निमूटपणे डांबरी रस्त्याने. परत आल्यावर फोटो टाकले तर अर्ध्या लोकांनी विचारलं, "बीच कुठला गं हा?" त्यावरूनच ही पोस्ट लिहायला घेतली. बीच नाहीच तो. तो लाव्हा आहे.

आपल्या मनात ज्वालामुखी म्हणजे शंकूसारखा डोंगर, डोक्यावर धूर आणि आजूबाजूला पळणारी माणसं. पाठ्यपुस्तकातलं चित्रही तसंच. महाराष्ट्रात असा डोंगर दिसत नाही, म्हणून ज्वालामुखी आपला वाटत नाही. पण दख्खनचा लाव्हा प्रामुख्याने जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून आला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर पसरायचा, थिजायचा, त्यावर कधी माती धरायची, की पुढचा थर. आज जे उरलंय तेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतं, आणि सह्याद्रीच्या बाजूला जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या वर जाते. याला ट्रॅप म्हणतात ते सापळा म्हणून नव्हे. स्वीडिश भाषेत 'ट्रॅपा' म्हणजे पायऱ्या. घाटातल्या कड्यांच्या त्या आडव्या पायऱ्या आपण सगळ्यांनी एसटीच्या खिडकीतून पाहिल्यात.

घाटात त्या पाहायच्या दुरून. किनाऱ्यावर त्यांच्यावर चालता येतं. समुद्राने वरची माती, झाडी, चिखल सगळं धुऊन कातळ उघडा करून ठेवलाय.

शेखाडीच्या अलीकडे पहिल्यांदा खडकावर उतरलो तेव्हा मी अक्षरशः गुडघे टेकून बसले. काळ्या दगडाला जाळी पडलेली, आंबोळीला पडते तशीच. आणि कारणही तेच हो! तव्यावरचं पीठ थिजता थिजता त्यातली हवा वर येते आणि भोकं राहतात, तसंच लाव्ह्यातला वायू वर येताना थर थिजला आणि बुडबुडे आत अडकले. पुढे कधीतरी झिरपत्या पाण्याने त्यातली बरीच भोकं पांढऱ्या खनिजांनी भरून टाकली. काळ्या कातळात पांढरे दाणे, कुणीतरी खोबरं भुरभुरल्यासारखे. मी वर्गात 'सच्छिद्र बेसाल्ट' असा शब्द देऊन पुढच्या प्रश्नाकडे वळत असे. एकाही पोराला स्वयंपाकघरात नेऊन आंबोळी दाखवली नाही, याची त्या खडकावर बसल्या बसल्या लाज वाटली.

तिथे एक आजी कालवं काढत होत्या. मला वाकलेली बघून म्हणाल्या, "काय बाय, काय हरवलं?" मी म्हटलं, दगड बघतेय. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा दगडाकडे पाहिलं. "बघ बघ. पण हिरव्यावर पाय नको देऊस, काळ्यावर दे." शेवाळावर घसरतं, कोरड्या काळ्यावर पाय धरतो. तीन दिवसांत मिळालेला हा सर्वांत उपयोगी सल्ला, आणि तो एकाही पाटीवर लिहिलेला दिसला नाही.

रायगडच्या या किनारपट्टीवर आणखी एक गंमत असते, ती माहीत नसेल तर माणूस तिच्यावर डबा उघडून जेवेल आणि निघून जाईल. सपाट कातळातून मध्येच एखादी उभी पट्टी सरळ समुद्रात गेलेली दिसते, कुणी जुना बंधारा बांधल्यासारखी. तिला डाइक म्हणतात. आधीच्या थराला भेग पडली, खालून नवा लाव्हा त्या भेगेत चढला आणि तिथेच थिजला. म्हणजे लाव्हा वर यायची वाटच दगड होऊन राहिली. पश्चिम किनाऱ्याला समांतर अशा असंख्य भिंती आहेत, कारण इथली जमीन तेव्हा ताणली जात होती, फाटत होती. सेशल्स बेटांचा तुकडा आपल्यापासून सुटला तो याच सुमाराला. घाटात जवळजवळ आडवे असणारे थर पनवेलच्या पट्ट्यात समुद्राकडे कललेले दिसतात, तेही याच ओढाताणीचं लक्षण. आणि पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येणाऱ्या ज्या तप्त जागेवरून आपण तेव्हा सरकत होतो, तिच्यावर आज हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे, तिथला ज्वालामुखी अजून धडधडतोय. आपली चूल तिथे राहिली, आपण भाकरी घेऊन वर आलो.

दुसऱ्या दिवशी आमची फजिती झाली, आणि चूक सर्वस्वी आमची. तृतीया, म्हणजे साडेआठची सुकती. पण श्रीवर्धनला सकाळी घावन, चटणी, पुन्हा घावन. निघेपर्यंत नऊ वाजून गेले. साडेअकरापर्यंत सगळं छान, आणि मग एका वळणावर पुढची वाट पाण्याखाली. मागे वळलो तर मागचीही निम्मी गेलेली. पाणी लाटा आपटत येत नाही, ते खडकाच्या फटींतून गुपचूप चढतं, हे तेव्हा कळलं. शेवटी करवंदीच्या जाळीतून, हातापायांना ओरखडे काढून घेत डोंगर चढलो आणि रस्त्याला लागलो. एकीची साडी नव्हे, चांगला ट्रेकिंगचा पायजमा फाटला. तिने तो विषय अजून सोडलेला नाही.

रस्त्याबद्दल बोलायलाच हवं. किनाऱ्यालगतचा रस्ता सुंदर आहे, मान्य. गावातल्या माणसाला दवाखाना, कॉलेज, बाजार गाठायला रस्ता हवाच, पुण्यात बसून त्याला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. शिवाय डोंगर कापला की थर उघडे पडतात. दोन काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा मला रस्त्याच्या कापातच सगळ्यांत स्वच्छ दिसला. मधल्या शांततेच्या काळात धरलेली माती, पुढच्या लाव्ह्याने वरून भाजलेली. पण कापलेल्या डोंगराचा राडारोडा समुद्राच्या बाजूला ढकलून दिला की खालची पायवाट गाडली जाते, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) तुटते, आणि खडकातल्या ज्या घळीतून बाया कालवांना उतरत होत्या ती बुजते. हे मी दोन ठिकाणी पाहिलं. विचारलं तर उत्तर, "आता तिथून कोण चालतंय?" अहो, त्या आजी चालतात! त्या मोटारीने कालवं काढायला जाणार आहेत का?

तिसरा दिवस हरिहरेश्वरचा. संकष्टी. चारची पाऊणपट तीन, म्हणजे सव्वानऊची सुकती. आठलाच देवळातून निघालो.

मला आता ठामपणे वाटतं की समुद्रकाठची पदभ्रमंती ही आपण परदेशातून आणलेली कल्पना नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा म्हणजे दुसरं काय आहे? पायऱ्या चढून वर जायचं, मग दोन कातळभिंतींमधल्या अरुंद घळीतून खाली उतरायचं, आणि एकदम पायांखाली तो काळा सपाट मंच, समोर उघडा समुद्र. डोंगराला उजवीकडे ठेवून वळसा घालून परत देवळाशी. भरतीला बंद, ओहोटीला खुली. हा नियम कुठल्या पर्यटन खात्याने केला नाही, समुद्राने केला आणि लोकांनी तो धर्मात बसवला. पेशव्यांच्या कुलदैवताची ही प्रदक्षिणा करताना किती पिढ्या त्या लाव्ह्यावरून गेल्या असतील.

पाठ्यपुस्तकात याला तरंगघर्षित मंच म्हणतात. मुलं हा शब्द परीक्षेपुरता घोकतात आणि विसरतात. तिथे उभं राहिलं की शब्दाची गरजच उरत नाही. लाटांनी कडा मागे मागे सारत नेलाय आणि त्याचा पाया तेवढा खाली उरलाय. कड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी आहे, ती खाऱ्या तुषारांची करामत. पाणी दगडात मुरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण कण सुटत जातो. खाली रांजणखळगे, त्यांत अडकलेले गोल गोटे. माझी उपाशी मैत्रीण एका खळग्याशी बसून एका खेकड्याकडे पंधरा मिनिटं पाहत राहिली. मी तेवढ्या वेळात किमान वीस माणसं सेल्फी काढून पुढे गेलेली मोजली. एकानेही खाली पाहिलं नाही.

आणि इथेच माझं भांडण आहे. अशी जागा दिसली की आपल्याला पहिल्यांदा सिमेंट सुचतं. पायऱ्या, कठडा, पेव्हर ब्लॉक, आय लव्ह अमुकची लाल अक्षरं. याच खडकांवरून माणसं लाटेने ओढून नेल्याच्या बातम्या आपण वाचल्यात, तेव्हा सुरक्षा हवीच. पण लाट कठड्याला भीत नाही. हवा आहे तो रोज सकाळी खडूने लिहायचा एक फळा: आज सुकती इतकी वाजता, इतक्या वाजेपर्यंत परत या. एक गावचा माणूस, शिट्टी आणि योग्य पगारासकट. बायकांसाठी स्वच्छ संडास, जो तीन दिवसांत आम्हाला फार क्वचित मिळाला (पुरुषांना हा मुद्दा किरकोळ वाटेल, त्यांनी तीन दिवस चालून दाखवावं). आणि दगडाची माहिती देणारा एक फलक, सोप्या मराठीत.

दक्षिण कोरियात जेजू नावाचं बेट आहे, तेही असंच बेसाल्टचं. तिथे २००७ मध्ये एका माजी पत्रकार बाईने किनाऱ्यालगतच्या पायवाटा जोडायला सुरुवात केली. आज ती वाट ४०० किलोमीटरच्या वर आहे. खुणा कसल्या? झाडाला बांधलेल्या रंगीत फिती, दगडावर रंगवलेले बाण. आपल्याकडे शेंदूर फासून वाट दाखवायची सवय आहेच की!

असं आपल्याला जमणार नाही, असंही नाही. वेळासला संध्याकाळी पोचलो. कासवांचं वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला घेतली, आणि पुढे पाहुणे येऊ लागले तेव्हा गावाने आपली घरं उघडली. माजघरात गाद्या, पंगतीला मोदक. त्यासाठी पुळणीवर काही बांधावं लागलं नाही. कासवाच्या पिल्लासाठी माणसं पहाटे उठून येतात, तर सहा कोटी वर्षांच्या कातळासाठी का येणार नाहीत? फक्त कातळ पळत नाही आणि गोंडस दिसत नाही, एवढीच अडचण.

ज्या घरी उतरलो ते चिऱ्याचं होतं. जांभा. रात्री ओटीवर बसून मी मैत्रिणींना सांगत होते की हासुद्धा बहुतेक तोच लाव्हा, हजारो-लाखो पावसाळ्यांनी कुजवलेला. सिलिका धुऊन गेली, लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून लाल. खाणीतून काढताना मऊ, वाऱ्यावर ठेवला की टणक. यजमानीण बाई आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "म्हणजे आमचं घर ज्वालामुखीचं?" मी म्हटलं, हो. त्यांनी भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि विचारलं, "मग पावसात गळतं कशाने?"

पुढची खेप फाल्गुन वद्य द्वितीयेला, उलट्या दिशेने, वेळास ते श्रीवर्धन. कोणाला यायचं असेल तर कळवा. तळ पकडणारे बूट हवेत, चपला चालणार नाहीत. आणि सकाळी पावणेसातला निघायचं म्हणजे पावणेसातला. घावन परत आल्यावर.